केक आला की सोलो थांबतो

वांद्र्यातलं एक रेस्टॉरंट, शुक्रवारची रात्र. कोपऱ्यात चौघांचा बँड: कीबोर्ड, डबल बेस, ड्रम्स, टेनर सॅक्सोफोन. दुसऱ्या सेटमध्ये त्यांनी स्वतःची एक चाल सुरू केली. नाव सांगितलं होतं, पण माइकचा आवाज इतका कमी ठेवला होता की ते ऐकू आलं नाही. सॅक्सोफोनवाला सोलोच्या दुसऱ्या फेरीत होता. पहिली फेरी जरा सांभाळून, ठरलेल्या वाटेनं झाली होती. आता कुठे तो वाट सोडून जरा आत शिरत होता. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं, फुलबाजी लावलेला केक बाहेर आला आणि मॅनेजरनं बँडकडे बघून बोट फिरवलं. तीन सेकंदांत चाल बंद आणि 'हॅपी बर्थडे' सुरू. टाळ्या पडल्या. केकला.

केक कापून झाल्यावर बँडनं आपली चाल पुन्हा पहिल्यापासून घेतली नाही. एक ओळखीचं जुनं इंग्रजी गाणं वाजवलं आणि सेट संपवला. नंतर बाहेर सिगारेट ओढताना सॅक्सोफोनवाला म्हणाला, "आज दोनच आले. शनिवारी पाचपाच केक असतात."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. मला त्या मॅनेजरबद्दलही काही म्हणायचं नाही. त्याला टेबलं भरायची आहेत, त्यासाठीच त्यानं बँड ठेवलाय. प्रश्न आपला आहे, म्हणजे 'मी जॅझ ऐकतो' असं प्रोफाइलमध्ये लिहिणाऱ्यांचा आणि 'लोकल टॅलेंटला सपोर्ट करा' अशी स्टोरी टाकणाऱ्यांचा. त्या रात्री मीही हेडफोनमध्ये माइल्स डेव्हिस ऐकत रिक्षानं तिथे गेलो होतो. समोर जिवंत माणसं वाजवत असताना आपण त्यांना नेमकं कसं ऐकतो, आणि त्यांना 'पुढे आणायचं' म्हणतो तेव्हा काय करतो, याची जरा झाडाझडती घ्यायला हवी. त्यासाठी दोन सिनेमे, एक पुस्तक, एक महोत्सव आणि एक अगदी छोटा, तोट्यात गेलेला प्रयोग यांच्याबद्दल लिहितो.

आधी पुस्तक. नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' २०१२ मध्ये आलं. मुंबईच्या जॅझचा इतिहास ज्याला कुणाला हवा असेल त्यानं इथूनच सुरुवात करावी, यात वाद नाही. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला. मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड. मायदेशी वर्णभेद सोसणारी ही माणसं इथे येऊन वाजवत होती आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याची पोरं शिकत होती. गोव्याच्या पोरांना स्वरलिपी वाचता यायची, कारण पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळेत मेस्त्र त्यांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवत आला होता. झुलता ठेका मात्र त्यांना शिकावा लागला. फर्नांडिस हे सगळं फोटो, जाहिराती, तबकड्या आणि घराघरांत जाऊन केलेल्या गप्पा यांतून उभं करतात. पुस्तकासोबत सीडीही होती. ज्या संगीताची तबकडी मिळणं मुश्कील, त्याच्याबद्दल लिहून ते ऐकवणंही, हे काम फार मोठं आहे.

तरी ते वाचून खाली ठेवताना मनात उरतो तो हळहळीचा सूर. काय दिवस होते! ताजची बॉलरूम, सूटबूट, मग दारूबंदी, मग हिंदी सिनेमानं गिळलेले बँड, मग अंधार. ही कहाणी खरी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं नाचाच्या जागांचं कंबरडं मोडलं आणि वादक स्टुडिओकडे वळले, हे घडलंच. पण चांगल्या इतिहासाचा वाईट परिणाम असा होतो की जिवंत गोष्टही मेलेली वाटायला लागते. पुस्तक वाचून आलेले माझे दोन मित्र जुन्या तबकड्यांच्या शोधात चोर बाजार पालथा घालून आले. मी त्यांना विचारलं, आत्ता मुंबईत बरा ड्रमर कोण? दोघांनाही एक नाव सांगता आलं नाही. यात लेखकाचा दोष नाही. दोष आपल्या वाचण्याच्या सवयीचा आहे: आपल्याला वादक आवडतात ते काळ्या-पांढऱ्या फोटोत.

आणि पुस्तकाच्या नावातच एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. 'ताज महाल' हा फॉक्सट्रॉट १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथच्या बँडनं मुद्रित केला, पण रचला होता तो मेना सायलस यांनी, मुंबईतल्याच माणसानं. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी परदेशी पाहुणा बँड इथल्या रचनाकाराची नवी चाल वाजवत होता. आज इथला बँड जेवणाऱ्यांसमोर पाहुण्यांच्या जुन्या चाली वाजवतो. हा जो उलटा प्रवास झालाय, तो मला दारूबंदीपेक्षा जास्त बोचतो.

सिनेमे दोन, दोन्ही साधारण एकाच काळात आपल्यापर्यंत पोचले. 'बॉम्बे वेल्व्हेट' २०१५ चा. अनुराग कश्यपचा, प्रचंड खर्चाचा आणि तितकाच आपटलेला. त्यातल्या क्लबमध्ये गाणारी नायिका आहे, झगमगाट आहे, अमित त्रिवेदीनं मन लावून बांधलेलं संगीत आहे. पण त्या क्लबातले वादक हे फर्निचर आहेत. ट्रम्पेटवाला कुठून आला, रात्री कुठे झोपतो, त्याला किती पैसे मिळतात, याच्याशी सिनेमाला घेणंदेणं नाही. सिनेमाला जॅझ हवाय तो धुरासारखा, दृश्य छान दिसावं म्हणून. अडीच तासांचा केकच म्हणा.

दुसरा 'नाच्यां-या कुंपासार', बार्डरॉय बार्रेटो यांचा कोंकणी सिनेमा, सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. ट्रम्पेटवादक-रचनाकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या आयुष्यावरून सुचलेली ही गोष्ट, त्यांच्याच गाण्यांतून सांगितलेली. विजय मौर्य आणि पालोमी घोष यांनी ती पेलली आहे. विशेषतः पालोमीच्या खांद्यात आणि मानेत जो ठेका आहे तो नाच शिकून येत नाही. मराठी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो: सबटायटल्स बंद करून वीस मिनिटं बघा. अर्धं कळतं. मालवणी कानांना तर त्याहून जास्त.

मला हा सिनेमा मनापासून आवडतो, म्हणूनच एक तक्रार. लोर्ना आणि तिचा गुरू यांच्या नात्यातल्या पकडीवर सिनेमा रेंगाळतो, आणि ती पकड खरोखर भयंकर होती. लोर्ना दोन दशकांहून जास्त काळ गायलीच नाही. पण रॉनी मोन्सेराते यांनी १९९५ मध्ये तिला पुन्हा माइकसमोर उभं केलं, ही माझ्या लेखी त्याच गोष्टीची दुसरी आणि तितकीच थरारक बाजू आहे. कुणीतरी तिच्याकडे गेलं, तिला गायला राजी केलं, नव्यानं मुद्रण केलं, कार्यक्रम ठरवला, खुर्च्या मांडल्या. या कामाला आपल्या गोष्टींत कधीच नायक मिळत नाही. ट्रम्पेट वाजवणाऱ्यावर सिनेमा निघतो. त्याच्यासाठी हॉल मिळवणाऱ्यावर कोण काढणार?

आपल्याकडे हे हॉल मिळवणं नेहमीच एकेकट्या झपाटलेल्या माणसांनी केलंय. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. होय, तेच; 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात प्यारेलाल यांनी ज्यांचं नाव अजरामर केलं, ते त्यांचे व्हायोलिनचे गुरू. या माणसानं १९५८ मध्ये आपला वाद्यवृंद उभा केला, 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' असं नाव दिलं आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणाऱ्या त्यांच्या रचना लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. कल्पना करा, काय संध्याकाळ असेल. पण ते सातत्यानं चाललं नाही. ते पुढे अमेरिकेला गेले, परतल्यावर गावी राहिले. आपल्याला ते आठवतात ते टोपी-छत्री घेऊन अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे.

मेट्रो सिनेमापासून चालायला लागा. धोबी तलावाची जेर महाल इमारत, जिथल्या कुडांमध्ये गोव्याहून आलेली माणसं पथारी टाकायची. पलीकडे झेवियर्स. त्याच भागात रंगभवन. दहा मिनिटांच्या या चालीत मुंबईच्या जॅझचं निम्मं चरित्र मावतं. रंगभवनात १९७८ मध्ये पहिली 'जॅझ यात्रा' झाली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या 'जॅझ इंडिया'नं ती घडवली. सनी रोलिन्ससारखा माणूस इथे येऊन उघड्या आकाशाखाली वाजवून गेला. त्यानंतर वर्षाआड यात्रा भरत राहिली. ज्यांनी ती ऐकली त्यांचे डोळे अजून चमकतात, आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

पण हेवा बाजूला ठेवून एक विचारायला हवं. यात्रेनं मुंबईच्या श्रोत्याला जगातलं उत्तम जॅझ ऐकवलं, भारतीय आणि परदेशी वादकांना एका मंचावर आणलं. ब्राझ गोन्साल्विस, लुई बँक्स यांच्यासारख्यांना मोठ्या श्रोत्यांसमोर स्वतःचं काही करून दाखवायची जागा दिली. मग दोन यात्रांच्या मधल्या सातशे दिवसांत काय? महोत्सव म्हणजे लग्न, संसार वेगळा. एका रात्री चाळीस मिनिटं मिळालेला वादक त्या चाळीस मिनिटांत आपलं हुकमी तेवढंच वाजवणार. नवी, कच्ची, अजून न बसलेली चाल तो तिथे काढणार नाही, काढूही नये. ती चाल बसते दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, त्याच चार डोक्यांसोबत वाजवून. आणि ऐकणारेही तेच असावे लागतात.

हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. आज 'सवाई'ला जाणारा माणूस बॅनरवरचं नाव बघून तर जातोच, पण दुपारी लवकर सुरू होणाऱ्या सत्रात एखादा पंचविशीतला पोरगा मुलतानी मांडत असतो, त्यालाही कान देतो. घरी येऊन म्हणतो, "पोरगा तयार आहे, पण घाई करतोय." ही एक ओळ म्हणजे समीक्षा आहे. ती सतरंजीवर बसून, वर्षानुवर्षं, गल्लीतल्या गणपतीपासून देवल क्लबापर्यंत ऐकून तयार झालेली आहे. महोत्सव शिखरावर आहे, पण त्याच्याखाली घरगुती बैठका, छोटी मंडळं, गुरुपौर्णिमा, वर्गणी असा डोंगर आहे. जॅझला आपण शिखर आणलं आणि डोंगर विसरलो.

"पण आम्हाला जॅझ कळत नाही हो," असं लोक म्हणतात. अर्धं कळतं, खरंच. चालीचं तोंड सगळे मिळून वाजवतात, मग त्याच स्वरमेळांच्या ठरलेल्या आवर्तनावर एकेक जण आपला विस्तार करतो, आणि शेवटी सगळे पुन्हा तोंडावर येतात. आवर्तन म्हटल्यावर तुमचा हात आपोआप मांडीवर गेला असेल. इथे मोजायच्या मात्रा थोड्याच असतात, लक्ष ठेवायचं ते खाली बदलत जाणाऱ्या स्वरमेळाकडे. बेसवर कान ठेवलात तर वाट सापडते. हे साम्य मात्र एवढ्यावरच सोडावं. ते ताणून 'शेवटी सगळं संगीत एकच' म्हणायचं आणि सॅक्सोफोनशेजारी तबला बसवून त्याला फ्यूजन म्हणायचं, हा उद्योग आपल्याकडे फार झाला. सी. रामचंद्र हे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर. आल्डोनाच्या चिक चॉकलेटला सोबत घेऊन त्यांनी 'अलबेला'त १९५१ साली जे केलं, त्यात असा समझोता नाही, भूक आहे. गिरणी कामगाराचा मुलगा भगवानदादा त्यावर जो सैल, मजेदार नाच नाचतो, त्याला कुणीही फ्यूजन म्हणालं नाही. चिक आणि त्याचे साथीदार त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात. यूट्यूबवर बघा, आणि एकदा नाचणाऱ्यांकडे न बघता मागे बघा.

आता आमचा प्रयोग. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जणांनी दादरच्या बाजूला एका वाचनालयाचा पहिल्या मजल्यावरचा हॉल घेतला. महिन्यातला दुसरा गुरुवार, संध्याकाळी साडेसात, चार महिने. सत्तर खुर्च्या, तिकीट तीनशे. चौघा वादकांना माणशी तीन हजार आधी ठरलेले, विकलं जावो न जावो. हॉलचे अडीच हजार. अटी दोनच: निम्म्या तरी चाली स्वतःच्या असाव्यात, आणि पहिल्या गुरुवारचा बँड चौथ्या गुरुवारी परत यावा. खाणंपिणं नाही, चहा मध्यंतरात खाली.

पहिल्या गुरुवारी एकसष्ट जण आले. मित्र, मित्रांचे मित्र, वादकांचे आईवडील. आम्ही हवेत. दुसऱ्या गुरुवारी तेवीस. तिसऱ्या गुरुवारी एकतीस. चौथ्याला चव्वेचाळीस, आणि यात आमच्या नात्यातलं कुणी नव्हतं. हिशेब केला तर एकूण खड्डा दहा हजार तीनशेचा, माणशी दोन हजार साठ. एका म्युझिक फेस्टिव्हलच्या पासपेक्षा कमी, असं आमच्यातला एक जण म्हणाला. त्याचं नुकतं लग्न ठरलं होतं, त्यामुळे तो हे हसत म्हणाला नाही.

दुसऱ्या गुरुवारचं कारण आम्हाला शोधावं लागलं नाही, ते ऐकू येत होतं. कार्यक्रम वाईट झाला. पियानोवाला उत्तम, पण त्याला मोकळी जागा दिसली की भरल्याशिवाय राहवत नव्हतं. बासरीवाल्याला बोलावण्याची कल्पना आमचीच. बिचारा प्रत्येक चालीत चार फेऱ्या यमनसारखं काहीतरी वाजवून थांबत होता, कारण खालचा स्वरमेळ बदलला की त्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. तेवीस जणांनी प्रेमानं टाळ्या वाजवल्या. नंतर सगळे म्हणाले, "छान झालं." आम्हीही पोस्ट टाकली, "काय संध्याकाळ होती!" ती पोस्ट टाकल्याची मला अजून लाज वाटते. ती वाचून पुढच्या वेळी आलेल्या एका मुलीनं मला सरळ विचारलं, "मागचा खरंच चांगला झाला होता का?"

इथे सगळं येऊन अडतं. स्थानिक वादकाला 'सपोर्ट' करायचा म्हणजे त्याच्याबद्दल फक्त गोड बोलायचं, असं आपण ठरवून टाकलंय. जणू तो एखाद्या दुष्काळनिधीचा लाभार्थी. विराट कोहलीच्या कव्हर ड्राइव्हवर अर्धा तास भांडणारी माणसं इथल्या ड्रमरबद्दल एक वाक्य बोलत नाहीत. बोललीच तर 'अमेझिंग'. ज्याच्या चुकांबद्दल कुणी लिहीत नाही, त्याच्या बरोबर वाजवण्याबद्दलही कुणी लिहीत नाही. पन्नासच्या दशकात मुंबईतून 'ब्लू ऱ्हिदम' नावाचं जॅझला वाहिलेलं मासिक निघायचं. झवेरी त्यामागेही होते. ते फार चाललं नाही, पण तेव्हाच्या मोजक्या रसिकांना कळलं होतं की जागा आणि लिहिणं ही कामं बरोबरच करावी लागतात. आज लिहायला फुकट जागा आहे आणि आपण तिथे फुलपाखरांचे इमोजी टाकतो.

आता चौथा गुरुवार, कारण त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. पहिल्या गुरुवारचा बँड परत आला. बेसवाल्याची सात मात्रांची एक चाल त्यांनी दोन्ही वेळा वाजवली. पहिल्या वेळी सात ऐकू येत होते. म्हणजे चौघांच्याही चेहऱ्यावर सात लिहिलेले होते. ड्रमर ब्रशनं मात्रा राखत होता, सॅक्सोफोनवाली प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी श्वास घेऊन पुढचं गाठत होती. चाल गोड होती, सोलो नेटके होते, आणि सगळं गणिताच्या वहीसारखं. तीन महिन्यांनी तीच चाल. या वेळी बेसवाल्यानं तोंडाच्या आधी बराच वेळ एकट्यानं वाजवलं, दोन स्वरांवर घुटमळत. ड्रमरनं ब्रश ठेवून दिले होते, काड्या घेतल्या आणि पहिलं आवर्तन चक्क काहीच वाजवलं नाही. सॅक्सोफोनचा सोलो आवर्तनाच्या मधेच सुरू झाला, तीन आवर्तनं ओलांडून गेला आणि जिथे संपेल असं वाटलं तिथे तिनं एक खालचा, जरासा फाटका स्वर धरून ठेवला. मोजत कुणीच नव्हतं. मी मोजायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या आवर्तनात चुकलो.

त्याआधीच्या तीन महिन्यांत हे चौघं ती चाल किती वेळा वाजवून आले असतील, असं वाटून मी नंतर विचारलं. सरावात बऱ्याचदा. लोकांसमोर? "इथेच दोनदा. बाकीकडे कोण वाजवू देतंय सात मात्रांचं काही." कीबोर्डवाल्याचा सोलो मात्र दोन्ही वेळा जवळजवळ तसाच होता. ऐकायला बरा, पण तीच चढण, तोच उतार. हे मी त्याला सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "पहिल्यांदाच कुणीतरी दोन्ही वेळा होतं."

जागेचं काय, हा प्रश्न उरतोच. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातलं 'ब्लू फ्रॉग' २००७ ला उघडलं आणि २०१६ ला बंद झालं; तिथे माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला नीट आवाजाचा गिग ऐकला. रंगभवन रुग्णालयं-कॉलेजांच्या शेजारी म्हणून शांतता क्षेत्रात गेलं. ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम रुग्णालयापासून शंभर मीटरचं अंतर मागतो, आणि रुग्णाच्या बाजूनं तो बरोबरच आहे. एनसीपीए आहे, तिथे चांगले कार्यक्रम होतात, पण विरारहून गुरुवारी संध्याकाळी नरिमन पॉइंटला जाऊन परत यायचं म्हणजे काय ते वेस्टर्न लाइनवाल्यांना विचारा. जीएसटीच्या नियमांतही एक गंमत आहे: 'लोककला किंवा अभिजात कला' सादर करणाऱ्या कलाकाराला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट मिळते. जॅझ यांतलं काय? छोट्या वादकाला याची झळ बसत नाही, कारण वर्षाला वीस लाखांच्या आत त्याला नोंदणीच लागत नाही. पण सरकारी कागदाला जी शंका आहे तीच आपल्यालाही आहे: हे आपलं म्हणायचं की पाहुण्यांचं? नव्वद वर्षं इथे राहिलेला पाहुणा.

दुसरीकडे, हॉल आहेत. मराठी माणसानं गल्लोगल्ली बांधून ठेवलेले आहेत: वाचनालयांचे, ज्ञातिसंस्थांचे, शाळांचे, सहकारी बँकांचे. भिंतीवर संस्थापकांचे तसबिरीतले फोटो, कोपऱ्यात स्टीलचं कपाट, वर पंखे जे बंद केले तरच बेस नीट ऐकू येतो. आमच्या हॉलच्या सचिवांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "जॅझ म्हणजे ते ऑर्केस्ट्रासारखं का?" चौथ्या गुरुवारी ते मागच्या रांगेत बसले होते. सात मात्रांच्या चालीनंतर त्यांनी मान हलवली. आवडलं म्हणून की डास होते म्हणून, हे मी विचारलं नाही.

पाचवा कार्यक्रम अजून ठरलेला नाही. हॉलमध्ये आता सोम ते गुरू स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालते, आणि त्या पोरांना उठवून सॅक्सोफोन वाजवावा असं आमच्यातल्या कुणाचंही म्हणणं नाही. शुक्रवारी वादकांना रेस्टॉरंटं सोडवत नाहीत, तिथले पैसे पक्के असतात. शनिवारी केक. रविवारी सकाळी साडेदहाला ठेवून बघावं, नाट्यसंगीताच्या बैठकी तशाच व्हायच्या, असं सचिवच म्हणाले. ड्रमरला विचारलंय. तो म्हणतो, रविवारी पहाटे तीनला घरी पोचतो, पण येईन. फक्त चहा मध्यंतराऐवजी आधी द्या.